काकांना हवामानबदल पटवून देण्याआधी

प्रश्न विचारणारे भाऊ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पोकराच्या, म्हणजे जागतिक बँकेच्या मदतीनं चालणाऱ्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या, ग्राम समितीत आहेत. त्यांनी लिहिलंय की ‘हवामान अनुकूल शेती’चा विषय निघाला की पारावर हमखास जुंपते आणि त्यात त्यांचे सख्खे काका सगळ्यांत पुढे असतात. काकांचं म्हणणं असं: ‘उद्याचा पाऊस सांगता येत नाई अन् पन्नास वर्साचं सांगते म्हने! बहात्तरचा दुष्काळ पायला आमी, तवा कोनती कार्बनची भानगड होती? साहेबाईले पगार भेटते, ते बोलते.’ वर नागपूरच्या 56 अंश तापमानाचा दाखला. भाऊंनी विचारलंय, यांना शास्त्र कसं पटवून देऊ? आणि दबक्या आवाजात पुढचंही: खरंच विश्वास ठेवावा का या लोकांवर?

भाऊ, मी कृषी हवामान सल्ल्याच्या कामात बरीच वर्षं काढली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जे सल्ल्याचं पत्रक निघतं ते तयार करायचं, आणि मग गावात जाऊन त्याबद्दल बोलणी खायची, ही दोन्ही कामं माझ्याकडेच होती. त्यामुळे तुमचे काका मला नवीन नाहीत. असे काका प्रत्येक गावात भेटतात आणि खरं सांगायचं तर पत्रक मन लावून वाचणारे तेच असतात.

तुम्ही ‘कसं पटवू’ असं विचारलंत. मला वाटतं अडचण त्याच्या आधी आहे. काकांचा राग आकडे घेऊन गावात येणाऱ्या माणसावर आहे, आणि तो राग हवामानशास्त्रातून आलेला नाही. आकडे कसे होतात हे त्यांनी पैसेवारीत, म्हणजे पीक किती आणे आलं याच्या सरकारी हिशोबात, पाहिलंय. वावरात तूर करपलेली आणि कागदावर पैसेवारी 50 पैशांच्या वर, म्हणजे दुष्काळ नाही. अतिवृष्टी म्हणजे 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस, पण तो मोजायचा महसूल मंडळाच्या केंद्रावर. तिथे पडला 58 आणि यांच्या नाल्यानं बांध फोडून नेला, तरी कागदावर अतिवृष्टी नाही. पीक विम्याची सूचना 72 तासांत द्यायची असायची, तेव्हा ॲप उघडायचं नाही. बोंडअळीला कपाशीचं बीटी वाण पुरून उरेल असं सांगितलं गेलं आणि 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली. त्याच हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. 2020 ला सोयाबीन उगवलंच नाही, तेव्हा पिशवीवर उगवणशक्तीचा आकडा छापलेला होताच.

हे सगळं अनुभवलेल्या माणसाला तुम्ही सांगता, ‘शास्त्रज्ञ म्हणतात पृथ्वी 1.1 अंशानं तापली.’ त्याच्या कानावर पडतं: आणखी एक साहेब, आणखी एक आकडा. त्या जागी मी असतो तर मीही पहिला प्रश्न हाच विचारला असता की या आकड्यानं माझ्या डोक्यावर काय पडणार आहे.

म्हणून काय करायचं ते काका कोणत्या प्रकारचे शंकेखोर आहेत त्यावर आहे. विमा न मिळाल्यानं चिडलेल्या माणसाशी कार्बनवर बोलून उपयोग नाही, आधी त्याच्या विम्याचं बोला. ज्याला खरोखर कुतूहल आहे, ‘हे मोजते कसं?’ असं जो विचारतो, त्याच्यासोबत तासभर बसा, वेळ वाया जाणार नाही. आणि पारावर वाद जिंकणं हाच ज्याचा विरंगुळा आहे त्याला सोडून द्या. तुम्ही स्वतः समितीत आहात हेही विसरू नका. शेततळ्याच्या यादीत कोणाचं नाव लागलं आणि कोणाचं राहिलं याचा हिशोब तुमच्या प्रत्येक वाक्याला चिकटलेला असतो.

आता काकांच्या मुद्द्यांकडे येऊ. सगळे सारख्या वजनाचे नाहीत.

56 अंशांचा मुद्दा सगळ्यांत चांगला आहे, तोच आधी घ्या. 30 मे 2024 ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले. आदल्या दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूरच्या केंद्रानं 52.9 दाखवले होते. टीव्हीवर दिवसभर तेच. देशाचा अधिकृत उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, 2016 चा, 51 अंशांचा. म्हणजे नागपूरनं तो एका झटक्यात पाच अंशांनी मोडला असं व्हायला हवं होतं. हवामान खात्यानं शहरातल्या इतर केंद्रांचे आकडे लावून पाहिले, ते कितीतरी खाली होते. नागपूरचा सेन्सर बिघडलेला निघाला, आणि मुंगेशपूरचा तपासला तेव्हा तो सुमारे 3 अंश जास्त दाखवत होता. खात्यानं तसं जाहीर केलं.

पारावर याचा अर्थ ‘पलटी मारली’ असा लागतो. मी उलट विचारतो. हवामानवाल्यांना भीतीच पसरवायची होती, तर हातात आलेला 56 चा आकडा त्यांनी सोडला कशाला? कधी नागपूरला गेलात तर वेधशाळेतली ती पांढरी झडपांची पेटी पाहून या, काकांनाही दाखवा. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, दार उत्तरेला, म्हणजे दार उघडलं तरी ऊन सरळ तापमापीवर पडत नाही. खाली गवत, आजूबाजूला मोकळी जागा. एवढा सोस कशासाठी, तर मोजायची आहे हवा. तापलेलं पत्र्याचं छप्पर किंवा डांबरी रस्ता मोजायचा नाही. गाडीतला काटा 49 दाखवतो आणि खातं 45 सांगतं, तेव्हा कोणी लपवत नसतं, दोघं वेगवेगळी वस्तू मोजत असतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की निम्मा संशय तिथेच विरतो. भाषणानं विरत नाही.

‘उद्याचं सांगता येत नाही, पन्नास वर्षांचं कसं’ याचं उत्तर छोटं आहे. पुढच्या 15 मे ला चंद्रपुरात पारा 44 वर थांबेल की 47 वर जाईल हे आज कोणी सांगू शकत नाही. पण चंद्रपूरचा मे तिथल्या डिसेंबरपेक्षा तापलेला असेल यावर काकाही पैज लावणार नाहीत. एका दिवसाचं हवामान आणि तीस वर्षांची सरासरी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं काढायची रीतही वेगळी.

मात्र हे सांगताना हंगामाच्या अंदाजाची चूक झाकू नका. मान्सूनचा अंदाज देण्याची खटपट आपल्याकडे 1880 च्या दशकापासून, ब्लॅनफोर्ड साहेबानं हिमालयातल्या बर्फावरून सुरू केली तेव्हापासून चालू आहे, आणि तरीही 2002 मध्ये अंदाज होता सरासरीच्या 101 टक्क्यांचा, पडला 81. 2009 मध्ये एप्रिलमधला अंदाज 96, जूनमध्ये तो 93 वर आणला, पडला 78. हे आकडे काकांनी तुमच्या तोंडावर फेकण्याआधी तुम्हीच सांगा. मी सभेत नेहमी आधी हेच दोन आकडे सांगायचो. लोक थोडं हसायचे, आणि मग ऐकायचे.

बहात्तरचा मुद्दा अर्धा खरा आहे. दुष्काळ पूर्वीही पडत. 1899-1900 च्या, म्हणजे विक्रम संवत 1956 च्या, छप्पन्नच्या दुष्काळानं वऱ्हाड आणि मध्य प्रांत होरपळून काढला, तेव्हा मोटारगाडीसुद्धा दिसत नव्हती. 1899 आणि 1972 दोन्ही एल निनोची वर्षं. एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचा मधला-पूर्वेचा पट्टा तापणं, ती निसर्गाचीच उलथापालथ आहे, आणि ती शास्त्रज्ञ नाकारत नाहीत. त्यांनीच ती शोधून काढली. गिल्बर्ट वॉकर हा त्यातला मोठा माणूस, तो आपल्याच हवामान खात्याचा महासंचालक होता आणि मान्सून का हुकतो हेच शोधत होता. तेव्हा ‘पूर्वी असं होत नव्हतं’ हे वाक्य तुमच्या तोंडी येऊ देऊ नका. काकांनी पाहिलेलं तुम्ही खोटं ठरवलंत की चर्चा संपली. बोलायचं ते त्या जुन्या चढउतारावर वरून काय चढलंय त्याबद्दल.

वरून चढलेलं माणसाचंच कशावरून? आपल्या भागात बोलायला एक सोयीचं उदाहरण आहे. वणी-चंद्रपूरचा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना. हवेतल्या आणि जिवंत झाडांतल्या कार्बनमध्ये कार्बन-14 नावाचा किरणोत्सारी प्रकार थोडा असतो, तो 5730 वर्षांत निम्मा होतो. इतक्या जुन्या कोळशात तो उरण्याचा प्रश्नच नाही. असा कोळसा जळून हवेत गेला की हवेतल्या कार्बन-14 चं प्रमाण पातळ होतं, आणि ते तसं झालेलं 1950 च्या दशकातच मोजलं गेलं. वाढलेला कार्बन डायऑक्साइड वायू समुद्रातून किंवा जंगलातून आला असता तर ही खूण दिसली नसती. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत 1958 मध्ये हा वायू दहा लाख भागांत 315 होता, आता 420 च्या वर आहे. तो उष्णता अडवतो हे जॉन टिंडलनं 1859 मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत मोजलं, आणि तो वाढला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशोब अऱ्हेनियसनं 1896 मध्ये मांडला. तेव्हा ना पोकरा होता, ना जागतिक बँक.

इथे कोणी तरी हमखास म्हणतो, दहा लाखांत चारशे-वीस म्हणजे 0.04 टक्के, एवढ्याशानं काय होते! कास्तकाराला याचं उत्तर बाहेर शोधावं लागत नाही. शेजाऱ्यानं धुऱ्यापलीकडे टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि वारा आपल्या वावराकडे असला, तर पऱ्हाटीची पानं आक्रसून बेडकाच्या पंजासारखी होतात. किती औषध उडून आलं असेल? डोळ्यांना दिसतही नाही.

पैशाचा मुद्दा मी कधी उडवून लावत नाही. पगार कोण देतो हे विचारणं शहाणपणाचंच आहे, फक्त ते दोन्ही बाजूंना विचारावं. अमेरिकेत रिचर्ड म्युलर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाला तापमानाच्या नोंदींबद्दल काकांसारखाच संशय होता. त्यानं सगळे आकडे पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतले. त्या कामाला पैसे देणाऱ्यांत तेल उद्योगातल्या कोक कुटुंबाची संस्थाही होती. उत्तर आलं तेच: तापमान वाढलंय. 2012 मध्ये त्यानं आपलं मत बदलल्याचं जाहीरपणे लिहिलं. दुसरीकडे एक्झॉन ही तेल कंपनी. तिच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी 1977 पासून केलेले तापमानवाढीचे अंदाज 2023 मध्ये बाहेरच्या अभ्यासकांनी तपासले, त्यातले बहुतेक प्रत्यक्षाशी जुळले. आणि त्याच काळात कंपनी लोकांसमोर मात्र म्हणत होती की अजून काही नक्की नाही. ही युक्ती तंबाखूवाल्यांची. एका अमेरिकन सिगारेट कंपनीच्या 1969 च्या अंतर्गत टिपणात सरळ लिहिलंय की शंका हाच आमचा माल आहे. हे पारावर सांगाल तेव्हा निम्मे श्रोते तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेले असतील, त्यांना फार समजवावं लागणार नाही.

आता शास्त्रज्ञांच्या बाजूची लाजिरवाणी गोष्ट, कारण ती तुम्ही नाही सांगितली तर व्हॉट्सॲप सांगेल. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या 2007 च्या अहवालात लिहिलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होऊ शकतात. याला धड शास्त्रीय आधार नव्हता. एका मासिकातल्या मुलाखतीतलं विधान एका पर्यावरण संस्थेच्या अहवालात आलं आणि तिथून इथे. 2009 मध्ये आपल्याच भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांनी हिमनद्यांवर टिपण लिहून या गडबडीवर बोट ठेवलं, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते प्रसिद्ध केलं. मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची टर उडवली. जानेवारी 2010 मध्ये मंडळाला ते विधान मागे घ्यावं लागलं. माझ्या मते यात चुकीपेक्षा वाईट होता तो तोरा. चूक शोधली हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीच, हिमनद्या मागे हटताहेत हेही खरंच राहिलं, पण त्या एका टर उडवण्यानं जे नुकसान केलं ते पुढे आमच्यासारख्यांना गावोगाव निस्तरावं लागलं.

इथवरचं थोडक्यात: तापमान वाढतंय आणि ते मुख्यतः आपण जाळलेल्या इंधनामुळे, यावर अभ्यासकांत आता खरा वाद उरलेला नाही. आयपीसीसीचा 2021 चा अहवाल तसं निःसंदिग्ध म्हणतो. वाद आहे तो पुढच्या पायरीवर, आणि नेमका तोच आपल्या कामाचा आहे.

तो वाद पावसाचा. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे 1951 ते 2015 मध्ये देशाचा मान्सूनचा पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी कमी झाला, आणि त्याच सुमारास मध्य भारतात दिवसाला 150 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याचे प्रसंग सुमारे 75 टक्क्यांनी वाढले. एकूण कमी, पण पडला की कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या लोकांनी हे 2006 पासून सातत्यानं दाखवलंय. एकूण पाऊस का घटला, यावर मात्र मतं वेगळी आहेत. कोणी धुराच्या आणि धुळीच्या कणांकडे बोट दाखवतं, कोणी तापलेल्या हिंदी महासागराकडे. संगणकाची प्रारूपं म्हणतात पुढे मान्सून वाढेल, पण किती यावर त्यांचं एकमेकांत पटत नाही. गारपिटीचं तर विचारूच नका. फेब्रुवारी-मार्च 2014 ची गारपीट आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे, पण ती हवामानबदलामुळेच झाली असं छातीठोक सांगणारा भेटला तर त्याला दोन पावलं दूर ठेवा. गारांच्या जुन्या नोंदीच तेवढ्या चांगल्या नाहीत.

आणि तालुक्यावर येता येता अनिश्चितता आणखी वाढते. ‘2050 मध्ये तुमच्या गावात अमुक मिलिमीटर’ असं रंगीत नकाशावर कोणी दाखवत असेल, तर काकांचा संशय बरोबर आहे. मी त्यांच्याच बाजूला बसेन.

मग भाऊंचा दबका प्रश्न: विश्वास ठेवावा का? माणसावर ठेवायची गरज नाही. मी एवढंच पाहतो की त्याचा आकडा दुसऱ्या कोणाला तपासता येतो का, आणि चुकला तर ते कोणी जाहीर करतं का. 56 अंशांत दोन्ही झालं. हिमनद्यांत दोन्ही झालं, उशिरा आणि रडतखडत. पैसेवारीत दोन्हींपैकी एकही होताना मी फारसं पाहिलं नाही. विमा कंपनीच्या नुकसानीच्या टक्केवारीत तर नाहीच. काकांनी या सगळ्यांना एकाच दोरीत बांधलंय, ती दोरी सोडवून देणं हे तुमचं खरं काम.

यात सरकारही हातभार लावत नाही, हे बोलून टाकतो. गावाच्या भाषेत उत्तर देणारा माणूस जवळपास असावा म्हणून देशभर 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रं काढली होती. ती 2024 मध्ये बंद केली. आता मोबाइलवर संदेश येतो, पण संदेशाला उलटा प्रश्न विचारता येत नाही.

करायचं काय, तर पटवण्याचा नाद सोडा आणि मोजायला लावा. साधं पर्जन्यमापक शाळेच्या आवारात बसवा. रोज सकाळी साडेआठला वाचन, खातंही त्याच वेळी घेतं. शाळेच्या भिंतीवर तीन रकाने आखा: पत्रकाचा अंदाज, महसूल मंडळाचा आकडा, गावाचा आकडा. तालुक्याचे आकडे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतात. ‘70 टक्के शक्यता’ म्हणजे पळवाट असं लोक समजतात, त्यालाही ही भिंत हे उत्तर आहे. असे दहा दिवस गोळा करा, सातेक दिवशी पाऊस यायला हवा. नाही आला तर अंदाज कच्चा, हे गावच म्हणेल.

बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीला, म्हणजे घट मांडून सांगितलेल्या पाऊस-पिकाच्या भाकिताला, मानणारे तुमच्याकडेही असतील. त्यांना हिणवू नका. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशीचं भाकीत त्याच भिंतीवर चौथ्या रकान्यात लिहा आणि हंगाम संपल्यावर सगळं शेजारी शेजारी वाचा. माप सगळ्यांना एकच.

शेतीचे निर्णय तोवर थांबत नाहीत, आणि त्यासाठी काकांनी कार्बनवर सही करायची गरजही नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला हवामानबदल खरा असो वा खोटा, दुबार पेरणी टाळतोच. बीबीएफनं, म्हणजे रुंद सरी वरंब्यावर, सोयाबीन पेरलं तर कोसळणाऱ्या पावसात पाणी सरीतून निघून जातं आणि खंड पडला तर ओल टिकते. जे पारावर सगळं थोतांड म्हणतात त्यांच्याच वावरात मी हे वरंबे पाहिलेत.

वक्ता बोलवायचा असेल तर मोठ्या नावामागे लागू नका. वेधशाळेत रोज नोंद घेणारा निरीक्षक आणा, किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातला कृषी हवामानाचा माणूस. भाषण पंधरा मिनिटं, प्रश्न दीड तास. तो जेव्हा ‘हे नक्की सांगता येत नाही’ म्हणेल तेव्हा मध्ये पडून सारवासारव करू नका, लोकांना ते ऐकू द्या.

आणि पर्जन्यमापक बसवताना सोय म्हणून व्हरांड्याला खेटून किंवा कडुनिंबाखाली लावू नका. भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवं, तोंड आडवं समपातळीत. नाही तर पहिल्याच आठवड्यात गावाचा आकडा मंडळापेक्षा कमी येईल आणि भांडण पुन्हा सरकारवर जाईल.